एकाच दिवशी दोन गावांत एक अंगठा: ओळखचोरी टाळायची कशी आणि झालीच तर निस्तरायची कशी

मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत माझी काकी एकटी राहते. पावसाच्या तोंडावर ती पासबुक भरून आणायला बाजारात गेली आणि घरी येऊन तिने मला कुडाळला फोन केला. "माका ओटीपी-बिटीपी काय्येक इलो नाय रे. मग पैसे गेले खंय?" पासबुकात एकाच दिवसाच्या दोन नोंदी होत्या, दोन्हींपुढे एईपीएस अशी अक्षरं, म्हणजे आधार आणि अंगठ्यावर पैसे निघाले होते. त्या दोन नोंदींनी तिच्या काजूच्या पैशातला बराच भाग नेला होता.

बँकेतल्या माणसाने पासबुक पाहून सांगितलं, "अंगठा तुमचाच लागलाय. घरातल्याच कोणीतरी काढले असतील." काकी गप्प झाली. पैसे गेल्यापेक्षा तिला ते बोलणं लागलं.

संध्याकाळी मी वाडीत गेलो. तिची कागदांची पिशवी ओटीवर उपडी केली. वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, आणि त्यात रेशन दुकानातल्या मशीनची एक छोटी पावती. तारीख तीच. त्या दिवशी सकाळी काकीने गावात अंगठा देऊन तांदूळ उचलला होता आणि दुपारी तोच अंगठा परराज्यातल्या कुठल्यातरी मशीनवर उमटला होता. त्या कागदाच्या चिठोऱ्याने पुढची लढाई सोपी केली. ती कशी, ते पुढे सांगतो. आधी हे होऊ नये म्हणून काय करायचं ते बघू.

एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. वाडीत काकीला कोणी ओळखपत्र मागत नाही. कोणाची सून, कोणाची आई, एवढं पुरतं. वाडीबाहेर मात्र 12 आकडी आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा आणि मोबाइल नंबर म्हणजेच काकी. या तिन्हींतलं काय कोणाच्या हाती जातंय, यावर नजर ठेवणं हेच खरं काम आहे.

पायरी 1: अंगठ्याला कुलूप

एईपीएस म्हणजे आधारवरून पैसे काढण्याची सोय. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना ही सोय देवासारखी आहे, पोस्टमन घरी येऊन मशीनवर पैसे देतो. म्हणून ती वाईट, असं मी म्हणणार नाही. पण ठशाची नक्कल करता येते. तेलंगणात 2018 साली असा प्रकार उघडकीला आला होता: जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून रबरी ठसे बनवले आणि त्यांवर सिम कार्डं चालू केली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार?

म्हणून बायोमेट्रिक लॉक करा. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर ही सोय फुकट आहे. लॉक केलं की बोट, डोळे, चेहरा यांपैकी कशानेच तुमच्या नावावर कोणाला काही करता येत नाही. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं आणि नंतर ते आपोआप बंद होतं.

इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली, आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसतो, किंवा जोडलेला असतो तो दहा वर्षांपूर्वीचा, बंद पडलेला. तो आधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. स्मार्टफोन न वापरणाऱ्या माणसासाठी घरातल्याच, रोज फोन उचलणाऱ्या आणि भरवशाच्या माणसाचा नंबर द्या. एकाच नंबरला जोडलेली घरातल्या अनेकांची आधार एका अ‍ॅपमध्ये सांभाळता येतात. दुसरी अडचण रेशनची. अंगठा लॉक असला की रेशन दुकानातलं मशीनही तो घेत नाही, मग बिचारी म्हातारी रांगेतून रिकाम्या हाती परत येते आणि "नको ते तुमचं लॉक" म्हणते. तेव्हा रेशनला जायच्या आधी उघडून द्यायचं, हे घरात ठरवूनच लॉक करा. पेन्शन किंवा सरकारी योजनेचे पैसे खात्यात जमा व्हायचे ते लॉकमुळे थांबत नाहीत.

अंगठ्याने पैसे काढायची तुमच्या घरात कोणाला गरजच नसेल, तर बँकेला लेखी अर्ज देऊन खात्यावरची ती सोय बंद करून मागा.

पायरी 2: झेरॉक्स

तालुक्याच्या बाजारात बाजारच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभे राहून बघा. काळी निघाली, वाकडी निघाली की प्रत बाजूच्या खोक्यात. त्या खोक्यात आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सगळं असतं. दुकानदाराचा हेतू वाईट नसतो, पण ते खोकं शेवटी रद्दीत जातं. बिघडलेली प्रत मागून घ्या आणि घरी येऊन चुलीत घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट काढली असेल तर दुकानदाराच्या फोनमधून आणि संगणकातून ती तुमच्यासमोर पुसायला सांगा. यात कोणाचा अपमान नाही.

कुठेही प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा, मजकुरावरून जाईल असं: "फक्त गॅस जोडणीसाठी, अमुक एजन्सीला, दिनांक अमुक", आणि खाली सही. चोर पूर्ण थांबेल असं नाही, पण ती प्रत कर्जासाठी फिरवली गेली तर वाद घालायला तुमच्याकडे पुरावा राहतो. जिथे चालेल तिथे मास्क केलेलं आधार द्या. त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे 4 दिसतात.

तारकर्ली, हर्णै, गुहागर, जिथे म्हणून घरगुती राहण्याची सोय करणारी मंडळी आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. पाहुण्यांच्या आधारचे फोटो तुमच्या फोनच्या गॅलरीत वर्षानुवर्षं पडून असतात, नातवंडं त्याच फोनवर खेळत असतात. नोंदवहीत लागेल तेवढं लिहून घ्या, प्रती कुलपात ठेवा, फोनमधले फोटो पुसा. बोटमालकांचंही तेच. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताना खलाशांची कागदपत्रं गोळा होतात आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या पिशवीतून जेटीभर हिंडतात.

आणखी एक फसवणूक याच मंडळींच्या वाट्याला येते. "मी लष्करात आहे, जवानांसाठी सगळ्या खोल्या हव्यात" असा फोन येतो, पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो. कार्डावरचा माणूस खरा असतो, त्याचीच ओळख चोरलेली असते. मग आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड येतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमचे पैसे जाणार.

जहाजावर किंवा आखातात जाणाऱ्या पोरांनी एजंटला पासपोर्ट आणि सीडीसीच्या (खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या) प्रती देण्याआधी त्याचा परवाना तपासा. जहाजासाठी नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आखातातल्या कामासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी. अस्सल पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवू नका.

पायरी 3: तुमच्या नावावर किती सिम आहेत?

दूरसंचार विभागाचं संचार साथी हे संकेतस्थळ 2023 च्या मे महिन्यापासून चालू आहे. तिथे आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. आपल्याकडे एका माणसाला 9 सिमपर्यंत परवानगी आहे, त्यामुळे चार आगाऊ सिम असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. जो नंबर तुमचा नाही त्याच्यापुढे "माझा नंबर नाही" निवडा. हे आजच करा, दोन मिनिटांचं काम आहे. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन त्याच संकेतस्थळावर तो हँडसेट बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. आत्ताच *#06# दाबा आणि आलेला क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

रेंज असलेल्या जागी फोनची रेंज अचानक पूर्ण गेली आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला आहे, तर "पावसामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कोणीतरी काढलेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (ती उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसतं) उघडू नका, मग ती लग्नपत्रिका असो, गाडीचं चलान असो की शेतकरी योजनेची यादी, आणि पाठवणारा सख्खा भाचा असो. त्याचाही फोन आधी चोराने ताब्यात घेतलेला असतो. बँकेचं संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी "डॉट बँक डॉट इन" आहे का पाहा. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत.

घरातल्या तरुण पोरांना एक गोष्ट ठणकावून सांगा: महिन्याला काही हजार देतो म्हणून कोणाला स्वतःचं खातं, एटीएम आणि सिम वापरायला द्यायचं नाही. त्या खात्यातून दुसऱ्याचे लुटलेले पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात.

पायरी 4: सातबारा

ओळखचोरीच्या लेखात जमीन कशाला, असं वाटेल. पण कोकणात हाच मोठा धोका आहे असं माझं मत आहे. मालक मुंबईत, जमीन गावात, कुंपण पडलेलं, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. अशा जमिनीसाठी तोतया मालक उभा करणं फार कठीण नसतं. एक म्हातारा माणूस, एक बनावट आधार, दोन साक्षीदार. चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा पायवाटेवर कोणाचं तरी गेट लागलेलं असतं.

सगळ्यात आधी वारस नोंद करून घ्या. मेलेल्या माणसाचं नाव उताऱ्यावर राहिलं की त्याच्या वतीने हरकत घेणारं कोणी उरत नाही. भावाभावांत वाटणीचा वाद असला तरी वारस नोंद थांबवू नका, वाटणी नंतरही होते. मृत माणसाचं सिम आणि बँक खातंही असंच वेळेवर बंद करा.

मग सातबारा आणि 8-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) दर तीन-चार महिन्यांनी ऑनलाइन बघत जा. बघायचे ते शेवटचे फेरफार (हक्कातल्या बदलाच्या नोंदीचे) क्रमांक. मागच्या वेळच्या उताऱ्यापेक्षा नवा क्रमांक दिसला तर तो कशाचा हे तलाठ्याकडे विचारा. कुठलाही फेरफार मंजूर होण्याआधी त्याची नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. या नोटिसा चावडीवर लागतात, तशाच सरकारच्या महाभूमी या संकेतस्थळाच्या "आपली चावडी" या पानावरही दिसतात. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दादरच्या चाळीतूनही गावची चावडी वाचता येते. मुदतीत लेखी हरकत गेली की ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणीशिवाय पुढे सरकत नाही. मुदत गेली तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील आहे, पण तो रस्ता लांबचा.

तोतयाने दस्त नोंदवलाच असेल तर लगेच पोलिसांत तक्रार द्या आणि वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागा. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 82 खाली दुसऱ्याचं सोंग घेऊन दस्त करणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

घडलंच तर: पहिला तास

पैसे गेलेले दिसले की आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. आधी 1930, मग बँक, मग नातेवाईक. या हेल्पलाइनवर तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखून धरायचा प्रयत्न लगेच सुरू होतो. चोर मिनिटांत पैसे पुढे सरकवतो, त्यामुळे उशीर महागात पडतो. फोन लावताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक समोर ठेवा. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. मिळालेला पोच क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

लगेच बँकेच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून खातं, कार्ड, यूपीआय बंद करून घ्या. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. गुगलवर शोधून सापडलेला नंबर दुसऱ्या चोराचा असू शकतो. तिसरं काम, आधारचा अंगठा लॉक करा. मेसेज, कॉल, चॅट यांपैकी काहीही रागाने पुसू नका. स्क्रीनशॉट काढा.

हे सगळं करताना लाज आड येते. "लोक काय म्हणतील, एवढी शिकलेली आणि फसली." आमच्या काकीनेही फोन करण्याआधी अर्धा दिवस तसाच घालवला होता. घरातल्या माणसांनी अशा वेळी "तू लिंक उघडलीसच कशी" हा प्रश्न गिळून टाकावा आणि 1930 लावून द्यावा.

दुसऱ्या दिवशी: लेखी

तोंडी सांगितलेलं बँकेत टिकत नाही. साध्या मराठीत अर्ज लिहा: "माझ्या खाते क्रमांक अमुकमधून दिनांक अमुक रोजी माझ्या संमतीशिवाय अमुक रुपये काढले गेले. त्या दिवशी मी अमुक ठिकाणी होते. व्यवहार कोणत्या केंद्रावरून, कोणत्या मशीनवर, किती वाजता झाला याचा तपशील द्यावा आणि रक्कम परत जमा करावी. सायबर तक्रार क्रमांक अमुक." दोन प्रती करा आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

तुमच्या बाजूने रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आला. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक 14 डिसेंबर 2017 ला निघालं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधेच कुठेतरी गळती झाली, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून 3 कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. 4 ते 7 कामकाजी दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10 हजारांचा, मूलभूत (शून्य शिल्लक चालणाऱ्या) बचत खात्याला 5 हजारांचा. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून 10 कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तेव्हाही लगेच कळवायचंच.

आम्ही अर्जाला रेशनची पावती जोडली. सोबत आधारच्या संकेतस्थळावरून काढलेला वापराचा इतिहास जोडला. तिथे गेल्या 6 महिन्यांत तुमचं आधार कधी, कशाने तपासलं गेलं याची यादी मिळते. सकाळची एक नोंद, दुपारच्या दोन. "घरातल्याच कोणीतरी" म्हणणाऱ्या माणसाने ती यादी दोनदा वाचली आणि अर्ज वरच्या साहेबांकडे नेला.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

पोलीस ठाण्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क आणि 66ड चा उल्लेख करा. पहिलं ओळखचोरीचं, दुसरं संगणक किंवा फोन वापरून सोंग घेऊन फसवण्याचं, दोन्हींना 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. "गुन्हा आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द न बघता गुन्हा नोंदवता येतो, हे नम्रपणे सांगा. रोखून ठेवलेली रक्कम सोडवायला बऱ्याचदा न्यायालयाचा आदेश लागतो, तेव्हा ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याकडे पाठपुरावा सोडू नका. याच काळात "तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असे फोन येतात. ते दुसरे चोर.

तुमच्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढलं असेल तर

वसुलीवाल्याचा फोन आला म्हणून घाबरून एक हप्ताही भरू नका. भरला की कर्ज तुम्ही मान्य केल्यासारखं दिसतं. आधी क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या सगळ्या कर्जांची यादी, मागवा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. जे कर्ज तुमचं नाही त्यावर तिथेच हरकत नोंदवा, पोलीस तक्रारीची प्रत जोडा, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे अर्ज, सही, फोटो आणि पैसे जमा झालेल्या खात्याचा तपशील लेखी मागा. बहुतेक वेळा फोटो दुसऱ्याचाच निघतो. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा नियम एप्रिल 2024 पासून आहे. पॅनचा गैरवापर झाला असेल तर आयकराच्या संकेतस्थळावर 26एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवर नोंदलेल्या करांची आणि व्यवहारांची विवरणं) पाहा, अनोळखी व्यवहार तिथे उघडे पडतात.

आमच्या घरी आता गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची आरती झाली की सगळे फोन माजघरात येतात. मुंबईची, पुण्याची मंडळी हजर असतात. संचार साथी, क्रेडिट अहवाल, सातबारा, आधारचा इतिहास, तासाभरात सगळ्यांचं बघून होतं. काकीच्या वहीत 1930, बँकेचा नंबर आणि माझा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे.

काकीचे पैसे परत आले. त्यानंतर तिने माझ्यासोबत आधार केंद्रात येऊन माझा नंबर जोडून घेतला आणि अंगठ्याला कुलूप लागलं. आता महिन्यातून एकदा सकाळी तिचा फोन येतो. "रेशनार जातंय, अंगठो उघड रे." आणि मी हातातलं काम ठेवून उघडतो.